प्रॉडक्ट मॅनेजरची मुलाखत : तयारी निपाणी स्टँडवरची

गेल्या दिवाळीत बेळगावला घरी गेलो होतो. फराळाला निपाणीहून मावसभाऊ आला. इंजिनिअरिंग होऊन त्याला तीन वर्षं झालीत, बेंगळुरूत कोडिंग करतो. म्हणाला, "दादा, मला प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. मुलाखतीत काय विचारतात सांग ना." आईने लगेच विचारलं, "मॅनेजर म्हणजे बढतीच की! मग मुलाखत कशाला?"

आईचा गैरसमज अनेक घरांत असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. प्रॉडक्ट मॅनेजरच्या हाताखाली बहुधा कुणीच नसतं. काय बनवायचं, कुणासाठी, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणं आणि ते इंजिनिअर, डिझायनर व विक्रीवाल्यांना पटवणं हे त्याचं काम. ही कल्पना सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. १९३१ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत नील मॅकलरॉय याने तीन पानांचं टिपण लिहिलं आणि प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा माणूस हवा, असं सुचवलं. त्याच्याकडे तेव्हा कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम होतं.

मी स्वतः बी.ई. होऊन सात वर्षं कोड लिहिला, मग या वाटेला लागलो. पहिल्या मुलाखतीत सपशेल पडलो. ती गोष्ट सांगितली की बाकीचं समजायला सोपं जाईल.

प्रश्न होता, "तुमच्या ओळखीच्या एखाद्या बसस्थानकावरच्या प्रवाशांसाठी काहीतरी सुधारा." मी निपाणी स्टँड निवडला आणि लगेच फळ्याकडे वळलो. जीपीएस, सर्व्हर, ॲप, नकाशावर पळणारी बस. दहा मिनिटं बोलत होतो. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कुणासाठी?" मी म्हटलं, "प्रवाशांसाठी." "कुठल्या?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाईट याचं वाटलं, की त्या स्टँडवर माझं लहानपण गेलं होतं.

परतताना डोळ्यांसमोर तोच स्टँड आला. कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली मावशी. तिला मराठी वाचता येतं, कन्नड पाटी वाचता येत नाही. फोन साधा, बटणांचा. एक गाडी कर्नाटकची, दुसरी महाराष्ट्राची. २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना मोफत प्रवास, महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट. कुठल्या गाडीत कुठली सवलत आणि ती कुठपर्यंत, हा तिचा खरा प्रश्न. तिला नकाशावरची बस नको होती. मोठ्या अक्षरांतला दोन भाषांचा फलक आणि स्पष्ट ऐकू येणारी घोषणा पुरली असती. या फेरीत हेच तपासतात : माणूस आधी, त्याची अडचण नंतर आणि उपाय सगळ्यात शेवटी. उपाय ॲपच असला पाहिजे असं नाही.

दुसरा प्रकार अंदाजाचा. उदाहरणार्थ, बेळगावात रोज बाहेर किती कप चहा विकला जातो? बरोबर आकडा कुणालाच नको असतो, तुमची पायरी-पायरीने जाण्याची रीत बघतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार होती, सोयीसाठी ५ लाख धरा. त्यातले २ लाख कामाला-कॉलेजला बाहेर पडतात असं माना. निम्मे बाहेर चहा घेतात, प्रत्येकी दोन कप, म्हणजे २ लाख कप. आसपासच्या गावांतून येणाऱ्यांचे ५० हजार वाढवा. झाले अडीच लाख. आता पडताळा : एक गाडा दिवसाला ३०० कप विकत असेल तर सव्वाआठशेच्या आसपास गाडे लागतील. हा आकडा पटतो का, हे स्वतःच मोठ्याने बोला. बरेच जण पडताळा विसरतात.

तिसरा प्रकार आकड्यांचा. "गेल्या आठवड्यात ऑर्डरी दहा टक्क्यांनी घटल्या, का?" इथे कारण सांगायची घाई करू नका, आधी प्रश्न विचारा. घट अचानक की हळूहळू? सगळ्या शहरांत की एकाच? ॲपची नवी आवृत्ती आली होती का? की गणपती होते आणि माणसं घरीच जेवत होती?

इंजिनिअर असलात तर तांत्रिक फेरी सोपी वाटेल, पण तिथे कोड लिहायला सांगतीलच असं नाही. अवघड गोष्ट साध्या शब्दांत सांगता येते का, हे बघतात. यूपीआयने पैसे कसे पोचतात हे आजीला समजेल असं सांगून बघा. काही कंपन्या घरी करायला एखादं काम देतात. तीन पानी, मुद्देसूद उत्तर तीस स्लाइडींपेक्षा चांगलं.

शेवटची फेरी स्वभावाची. मतभेद कसा मिटवलात, कुठे चुकलात. आपल्याला "आम्ही केलं" म्हणायची सवय असते. तो विनय चांगला, पण मुलाखतीत तुम्ही नेमकं काय केलं हेच ऐकायचं असतं. प्रसंग, तुमची जबाबदारी, तुमची कृती आणि परिणाम, या क्रमाने सांगा. मी तीन महिने खपून बांधलेली सोय कुणी वापरत नाही हे दिसल्यावर ती बंद करा, असं मीच सुचवलं होतं. तिसऱ्या कंपनीत हाच प्रसंग प्रामाणिकपणे सांगितला आणि तिथेच निवड झाली.

इंग्रजीची भीती अनेकांना असते, मलाही होती. पण घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात हिंदी-इंग्रजी, असं आपण सीमाभागातली मुलं वाढतो. समोरचा माणूस बघून तीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. या कामात ती रोज लागते. वाक्यं छोटी ठेवा, तेवढं पुरतं.

एक इशाराही देतो. पगार लगेच वाढेलच असं नाही, माझा पहिल्या वर्षी तेवढाच राहिला. कोड लिहिण्यातच आनंद असेल तर खुशाल तिथेच राहा.

मावसभावाला मी एकच गृहपाठ दिला : निपाणी स्टँडवर तासभर बस आणि फक्त ऐक. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "दादा, चौकशीच्या खिडकीपेक्षा शेंगदाणेवाल्याला जास्त लोक विचारतात. का, ते उद्या जाऊन बघतो."