वापरातले पुणे

बाहेरगावचा मित्र पुण्यात आला की त्याला जुन्या शहरात फिरवायची यादी ठरलेली असते. शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबाग, दगडूशेठ, तुळशीबागेत थोडी खरेदी आणि संध्याकाळी परत. दिवस संपताना मित्र जरा बिचकतच विचारतो, "एवढेच?" त्याचे चुकत नाही. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली आणि बांधकामाला १६,११० रुपये लागले, पण १८२८ च्या आगीनंतर तटाच्या आत मुख्यतः जोती आणि कारंज्यांची टाकी तेवढी उरली. आजचा लाल महाल तर महापालिकेने विसाव्या शतकात नव्याने उभारलेला आहे. उभ्या वास्तूंच्या हिशेबाने पुणे जयपूर किंवा हंपीपुढे टिकणारच नाही. पण तो हिशेबच इथे चुकीचा आहे. पुण्यात जे टिकले ते वापरामुळे, आणि ज्याचा वापर थांबला ते बहुतेक गेले. दोघा मित्रांनी एक दिवस पेठांतून पायी फिरताना हे सूत्र धरले, तर "एवढेच?" हा प्रश्न उरत नाही.

सुरुवात कसब्यातल्या तांबट आळीपासून करावी. पेशवाईत वसलेल्या या वस्तीत तांब्यावर हातोडीचे ठोके अजून ऐकू येतात. अभ्यंगस्नानासाठी पाणी तापवणारा बंब, घंगाळ, हंडा ही या आळीची जुनी मिरास. मग घरोघरी स्टीलची भांडी आणि गिझर आले व बंब माळ्यावर गेला. तेव्हा तांबटांनी त्याच हातांनी वाडगे, दिवे, शोभेच्या वस्तू घडवायला घेतल्या. गिऱ्हाईक बदलले, घाट बदलला, मठारकाम मात्र तेच राहिले. पत्र्यावर ठोक्यांचे सारखे ठिपके उमटवून तो कडक करण्याची ही कला संग्रहालयातल्या काचेमागे कळत नाही. ती कळायला ठोका कानावर पडावा लागतो. आणि अशा अरुंद आळीत दोघे जण कारागिराच्या कामात अडथळा न आणता उभे राहू शकतात, वीस जणांची सहल राहू शकत नाही.

उलट बाजूचा पुरावा पाण्याचा. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी भुयारी नळाने, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. वाटेत हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास होते, तर शहरात जागोजागी हौद. पुढे घरात नळ आला आणि हौदावर जाण्याचे कारण संपले. कित्येक हौद बुजले, काहींवर रस्ते आणि इमारती आल्या. बदामी हौद, काळा हौद ही नावे मात्र जिभेवर राहिली, कारण पत्ता सांगायला ती लागतात. नावांचा न्यायही हाच. १७०३ च्या सुमारास औरंगजेबाच्या मुक्कामात पुण्याला मुहियाबाद हे नाव मिळाले. ते बादशहाचे असूनही दप्तरातच राहिले. लोकांच्या तोंडी बसली ती बुधवार, शुक्रवार, रविवार ही वारांची नावे.

दुपारी विश्रामबागवाडा आणि मंडई पाहावी. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७ मध्ये पूर्ण झाला. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, पुढे कित्येक वर्षे इथून नगरपालिकेचा कारभार चालला. सज्ज्याचे कोरीव सुरूदार खांब आजही रस्त्यावरून दिसतात, त्याचे श्रेय शाळेला आणि कचेरीलाही द्यायला हवे. जवळच १८८६ साली उघडलेली मंडई. लॉर्ड रे यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या बाजारावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे मंडईला त्यांचेच नाव मिळाले. अष्टकोनी मनोऱ्याखाली आजही भाजीच विकली जाते. बांधली ज्यासाठी, त्याच कामी अजून येणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती आपल्याकडे किती उरल्या आहेत?

यावर आक्षेप येईल की वापरानेच इमारती झिजतात. खरे आहे, आणि त्याचा सर्वांत कडू दाखला दगडूशेठ गणपतीसमोरच होता. १८४८ साली मुलींची शाळा जिथे सुरू झाली त्या भिडेवाड्यात दुकाने चालू होती, तरी वाडा मोडकळीला आला. न्यायालयीन वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडण्यात आला. म्हणजे नुसत्या वापराने भागत नाही, वापराला डागडुजीची आणि कर्तव्याची जोड लागते. पण बंद ठेवून वाडा वाचला असता, हेही यातून सिद्ध होत नाही. कुलूपबंद वाड्यातही पाणी झिरपतेच, फक्त ते पाहायला कोणी नसते. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. फिरायला येणाऱ्यांच्या हौसेसाठी रहिवाशांनी गळक्या कौलांखाली का राहावे? मुळीच राहू नये. इथे पुनर्बांधणीचा हक्क रहिवाशांचा आहे. आपली मागणी इतकीच असावी, की नवे बांधताना आळीतला धंदा, जाण्यायेण्याचा बोळ आणि चौकातला बाजार यांना जागा राहावी. तिसरा आक्षेप गर्दीचा. पण कसब्यापासून मंडईपर्यंतचा सगळा पट्टा दोन-एक किलोमीटरच्या आत आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून कसबा पेठ व मंडई ही दोन्ही भुयारी मेट्रो स्थानके सुरू आहेत. गाडी घरी ठेवली तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

राहता राहिला प्रश्न, मित्र कशाला हवा. एकट्याला जे दिसते ते तो आपल्या समजुतीत बसवून मोकळा होतो, आणि वाटाड्यापुढे प्रश्न विचारायला माणूस संकोचतो. मित्र मात्र "हे तसे कशावरून?" असे बिनदिक्कत विचारतो. शिवाय पुण्याबाहेरचा मित्र असला तर पुणेकरालाही रोजच्या रस्त्यावर मान वर करून बघावे लागते. या दिवाळीच्या सुटीत असा एक दिवस काढा. सकाळी तांबट आळीत जाऊन एखादे तांब्याचे भांडे घ्या, परतताना मंडईतून भाजी. आळी आणि मंडई दोन्ही गिऱ्हाइकावर चालतात.