जुनी देणी आणि हाती आलेली एकरकमी पुंजी

स्वेच्छानिवृत्तीची रक्कम, उपदान, मुदत संपलेली विमा पॉलिसी किंवा वडिलोपार्जित जमिनीतील हिश्शाची विक्री अशा एखाद्या निमित्ताने थकबाकीदार माणसाच्या हाती कधीतरी बरी म्हणावी अशी रक्कम येते, परंतु सर्व देणी भागतील इतकी ती क्वचितच असते. अशा वेळी प्रत्येकाला थोडेथोडे देऊन सर्वांचा तगादा काही काळ थांबवावा, हा विचार सर्वांत आधी सुचतो आणि तो न्याय्यही वाटतो. व्यवहारात मात्र तो बहुतेक वेळा महाग पडतो, कारण अंशतः दिलेल्या पैशाने कर्ज मिटत नाही. तो पैसा केवळ खात्यावर जमा होतो आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर आधी साचलेल्या व्याजातच जिरतो. एकरकमी पैशाचे खरे मोल असे की तो एकाच वेळी समोर ठेवला तर धनको, म्हणजे कर्ज देणारा, उरलेल्या मागणीवर पाणी सोडायला तयार होऊ शकतो. वाटून टाकलेल्या रकमेला हे मोल राहत नाही.

कमी रक्कम घेऊन पूर्ण कर्ज मिटवण्याची ही मुभा भारतीय करार कायद्याने 1872 पासून स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वानुसार ठरलेल्या रकमेपेक्षा केवळ कमी पैसे दिल्याने पूर्ण ऋण फिटत नसे, कारण उरलेली रक्कम सोडून देण्याच्या वचनाला कोणताही मोबदला मिळालेला नसतो. भारतासाठी कायदा करताना मात्र इंग्रजांनीच हे तत्त्व बाजूला ठेवले आणि कलम 63 अन्वये धनकोला आपले येणे पूर्णतः किंवा अंशतः सोडण्याची मोकळीक दिली. या कलमाखालच्या एका उदाहरणात 5,000 रुपयांचा ऋणको, म्हणजे कर्ज घेणारा, 2,000 रुपये देतो, धनको ते पूर्ण फेड म्हणून स्वीकारतो आणि सारे ऋण संपते. दुसऱ्या उदाहरणात अनेकांचा देणेकरी असलेला माणूस सर्व धनकोंशी रुपयाला आठ आण्यांची तडजोड करतो आणि 2,000 रुपयांच्या मागणीपोटी 1,000 रुपये मिळाल्यावर ती मागणी मिटते. समान वाटपाचा मार्गही कायद्याला मान्य आहे हे यावरून दिसते. मात्र त्याला सर्व धनकोंची आधी संमती हवी, आणि आज तीन बँका, एक पतसंस्था व एक नातेवाईक यांना एका कागदावर आणणे हे सामान्य ऋणकोच्या आवाक्यातले काम नाही.

म्हणून निवड करणे भाग पडते, आणि ती व्याजदरावरून करावी की तगाद्याच्या तीव्रतेवरून, असा प्रश्न येतो. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर अनेकदा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात व्याज चढत असते, त्यामुळे गणिताने ते कर्ज पहिले ठरते. आणि तगादाही बहुधा त्याचाच मोठा असतो. तरीही कोणते कर्ज न फेडल्यास कोणाचे काय जाईल, ही कसोटी अधिक उपयोगी आहे. राहते घर तारण असेल तर 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, ताब्याची कारवाई सुरू करू शकते. पतसंस्थेचे कर्ज दिसायला लहान असले तरी महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो, त्यानंतर ती थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, आणि तिची झळ कर्जदाराआधी जामीनदाराच्या पगाराला लागू शकते. दिलेला धनादेश न वटल्याचे प्रकरण तर फौजदारी असते. याउलट वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्ड यांच्यामागे तारण नसते आणि बहुधा जामीनदारही नसतो, त्यामुळे तडजोडीला तिथेच सर्वाधिक वाव असतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. क्रेडिट कार्डाचे 1 लाख 80 हजार, पतसंस्थेचे 90 हजार, सोनेतारणाचे 70 हजार आणि आतेभावाकडून हातउसने घेतलेले 60 हजार असे एकूण 4 लाखांचे देणे आहे आणि हाती 2 लाख 80 हजार आले आहेत असे मानू. घरखर्च व आजारपण यांसाठी 40 हजार बाजूला ठेवणे आवश्यक आहे, कारण सगळी पुंजी कर्जात घालणारा माणूस पुढच्या अडचणीला पुन्हा उसनवारीच करतो. उरलेले 2 लाख 40 हजार समप्रमाणात वाटले तर प्रत्येकाला साठ टक्के मिळतात, चारही खाती उघडी राहतात आणि व्याज चालूच राहते. त्याऐवजी पतसंस्थेचे कर्ज पूर्ण फेडले तर जामीनदार मोकळे होतात, दागिन्यांची किंमत कर्जाहून बरीच अधिक असेल तर सोने सोडवणेही हिताचे ठरते, आणि उरलेल्या 80 हजारांवर कार्डाची बँक अंतिम तडजोडीस राजी झाली तर आतेभावाचे देणे तेवढे राहते, जे दरमहा 3 हजारांप्रमाणे वीस महिन्यांत फिटते. बँक राजी होईलच असे नाही. पण तिच्यापुढे ठेवायला एकगठ्ठा रक्कम असणे हाच अशा बोलणीचा आधार असतो.

या हिशेबात सर्वांत शेवटी राहिला तो सर्वांत कमी बोलणारा धनको, आणि ही गोष्ट कायद्याच्या नव्हे तर नीतीच्या दृष्टीने खटकणारी आहे. ज्याने व्याज मागितले नाही, कागद केला नाही, त्याला थांबायला लावायचे तर किमान ते आधी सांगावे, तारीख लिहून द्यावी आणि त्याच्याकडे सूट मागू नये. बँक थकीत कर्जासाठी आपल्या नफ्यातून तरतूद करून ठेवते, आतेभावाने ती केलेली नसते.

पैसे देताना ते कोणत्या कर्जापोटी आहेत हे सांगणे हा ऋणकोचा हक्क आहे, याची जाणीव फार थोड्यांना असते. एकाच धनकोची अनेक कर्जे असतील तर करार कायद्याच्या कलम 59 नुसार ऋणकोने दिलेली सूचना पाळूनच रक्कम स्वीकारावी लागते. त्याने काहीच सांगितले नाही आणि परिस्थितीवरूनही काही कळत नसेल तर कलम 60 नुसार धनको ती आपल्या मर्जीने कोणत्याही कायदेशीर देण्यात, अगदी मुदतबाह्य झालेल्या कर्जातही, जमा करू शकतो. मुदतबाह्य कर्ज म्हणजे ज्याच्या वसुलीसाठी दावा लावण्याची मुदत टळली आहे असे कर्ज. साध्या, विनातारण कर्जाला 1963 च्या मुदतीच्या कायद्याने ही मुदत सामान्यतः तीन वर्षांची असते. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे लेखी व सहीनिशी मान्य केले, किंवा काही रक्कम भरून त्याची नोंद स्वतःच्या अक्षरात वा सहीने केली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदत टळल्यावर केवळ थोडी रक्कम भरल्याने ती पुन्हा सुरू होत नाही, परंतु तेव्हाही फेडीचे लेखी वचन सहीनिशी दिले तर तो नवा करार ठरतो. म्हणूनच वसुली प्रतिनिधी एखाद्या फार जुन्या खात्यावर ‘सध्या पाचशे भरा आणि इथे सही करा’ असे म्हणतो तेव्हा त्या पाचशे रुपयांपेक्षा सही अधिक मोलाची असते. अर्थात मुदत टळल्याने दावा लावण्याचा मार्ग बंद होतो, ऋण नाहीसे होत नाही, आणि गहाण मालमत्ता व न्यायालयाचा हुकूमनामा यांच्या मुदती वेगळ्या व बऱ्याच लांब असतात.

बँकांच्या एकरकमी परतफेडीच्या तडजोडीला भारतीय रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 च्या परिपत्रकाने एकसूत्री चौकट दिली आणि ती सहकारी बँकांनाही लागू केली. त्यानुसार अशी तडजोड केलेल्या कर्जदाराला, शेतीकर्ज वगळता, त्याच बँकेकडून किमान बारा महिने नवे कर्ज मिळत नाही. याहून मोठी किंमत पतइतिहासात मोजावी लागते, कारण पूर्ण फेडलेले खाते ‘क्लोज्ड’ असे, तर सूट घेऊन मिटवलेले खाते ‘सेटल्ड’ असे नोंदले जाते, आणि ही दुसरी नोंद पाहिल्यावर पुढची बँक सहसा हात आखडता घेते. ज्याला दोन-तीन वर्षांत गृहकर्ज घ्यायचे आहे त्याने मुद्दलात सूट मागण्यापेक्षा दंड व दंडव्याज माफ करून उरलेले पूर्ण भरण्याची बोलणी करावी आणि खाते पूर्ण फेड म्हणून बंद होईल याची लेखी खात्री घ्यावी. ज्याला नवे कर्ज घ्यायचेच नाही त्याने या नोंदीचा फार धसका घेण्याचे कारण नाही. मात्र चालू हप्ते मुद्दाम थकवून मग सूट मिळवावी, हा काही ‘कर्जमुक्ती’ सल्लागारांचा उपदेश घातक आहे, कारण मधल्या काळात व्याज चढते, पत ढासळते आणि बँकेवर सूट देण्याचे कोणतेही बंधन नसते.

सावकाराचे कर्ज असल्यास आधी त्याचा परवाना पाहावा, कारण महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी घेता येऊ नये, हा हिंदू विधीतील दामदुपटीचा जुना नियम 2014 च्या राज्य कायद्यातही सावकारांसाठी टिकून आहे.

बोलणी कोणतीही असोत, पैसे भरण्यापूर्वी कागद हाती हवा. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले, आणि त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने रोख्यावरील आकडा अंतिम न मानता त्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना दिली. न्यायालयाला इतके खोलात शिरायला लावण्यापेक्षा आपला कागद आधीच पक्का करून घेणे केव्हाही स्वस्त पडते. बँकेच्या तडजोडपत्रात खाते क्रमांक, एकूण थकबाकी, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख, उरलेली मागणी कायमची सोडल्याचे वाक्य, चालू दावे मागे घेण्याची हमी आणि अधिकृत अधिकाऱ्याची सही असलीच पाहिजे. पैसे कर्जखात्यातच भरावेत, प्रतिनिधीच्या हाती किंवा त्याच्या मोबाइल क्रमांकावर देऊ नयेत. दावा न्यायालयात असेल तर लोकअदालतीत तडजोड नोंदवणे सोयीचे असते, कारण तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. आणखी एक बारीक गोष्ट अशी की ज्या बँकेचे कर्ज थकले आहे तिच्याच बचत खात्यात ही पुंजी ठेवली, तर बोलणी पूर्ण होण्याआधीच बँक ती थकबाकीत वळती करून घेऊ शकते.

पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, कोरे धनादेश आणि खात्यातून हप्ता कापण्याचा रद्द केलेला आदेश या गोष्टी मागून घ्याव्यात. 1 डिसेंबर 2023 पासून पूर्ण फेड किंवा तडजोड झाल्यावर तीस दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करणे वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे, आणि त्यांच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. पतइतिहासाचा संपूर्ण अहवाल प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यात मिटलेले खाते अजून थकीत दिसत असेल तर लेखी तक्रार करावी, आणि तिचे निवारण तीस दिवसांत झाले नाही तर तक्रारदाराला पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये मिळतात.