पंचरंगीतला उरलेला संघ

मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा विषय निघाला की जुनी माणसं गर्दीच्या गोष्टी सांगतात. संघांची वाटणी कशी होती, हे मात्र ओझरतं येतं. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि पाचवा ‘रेस्ट’. पहिल्या चारांत न बसणारे ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन सगळे या पाचव्यात.

१८९२ पासून पारशी आणि युरोपियन दरवर्षी भिडत. १९०७ मध्ये हिंदू आले, सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुस्लिम आले, चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘रेस्ट’ आला आणि त्याच वर्षी हिंदू संघ रुसून बाहेर बसला. कारण काय, तर नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधल्या जागांची वाटणी!

हिंदू संघात तरी सगळं आलबेल कुठे होतं? डावखुरा फिरकीपटू पाळवणकर बाळू चांभार समाजातला. संघ त्याच्या गोलंदाजीवर जिंकायचा, पण कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे आलं.

निजामाच्या राज्यात मात्र वेगळी रीत होती. तिकडच्या मोईन-उद-दौला चषकात संघ धर्मावर ठरत नसत; नवाब-महाराजांची निमंत्रणं चालत. धर्माच्या वाटणीपेक्षा मला ती राजेशाही लहर परवडली.

पंचरंगीच्या १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘रेस्ट’ १३३ मध्ये गारद. फॉलोऑननंतर ६० धावांत ५ गडी गेले, तेव्हा सांगलीचा मराठी ख्रिस्ती विजय हजारे आणि त्याचा भाऊ विवेक यांची जोडी जमली. भागीदारी ३०० धावांची, त्यात विवेकच्या फक्त २१! पठ्ठ्या एक बाजू धरून उभा राहिला. संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या विजयच्या, तरी पराभव एक डाव ६१ धावांनी.

गांधीजींनी १९४० मध्येच या धर्मवार सामन्यांना विरोध केला होता. तरी ते रेटले गेले आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर थांबले. बंद पडले ते बरंच झालं. फाळणीच्या तोंडावर धर्माच्या नावाने अकरा-अकरा जण उतरवणं हा विस्तवाशी खेळ होता. १९४६ च्या उन्हाळ्यात मर्चंट आणि हजारे एकाच भारतीय संघातून इंग्लंडला गेले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होता विजय हजारे.