घर आतून बदलायचंय? हिवाळ्यात मापं घ्या, रंग शेवटी लावा

किनवट : सोयाबीन विकून झालं, हरभरा रानात उभा आहे आणि कापसाची वेचणी सुरू आहे. तालुक्यातल्या बऱ्याच घरांत समोरच्या खोलीत कापूस रचलेला आहे. भाव मिळेपर्यंत तो तिथंच राहणार. त्यामुळे आत्ता घरात मिस्त्री लावता येत नाही, हे खरं. पण कामाचं नियोजन करायला हेच दिवस चांगले. आत्ता ठरवून ठेवलं तर कापूस घराबाहेर निघाला की काम सुरू होतं आणि मिरगाच्या आत संपतं.

बहुतेक घरी उलटं होतं. पोरीचं लग्न जुळलं, पैसा हातात आला, की एप्रिलमध्ये धावपळ सुरू. मिस्त्री मिळत नाही, विहिरीला पाणी नसतं, मग नुसता रंग मारून घेतला जातो. पहिल्या पावसात भिंतीचे पोपडे निघतात आणि पैसे वाया जातात.

आधी ओल शोधा

पावसाळ्यात सगळ्याच भिंती ओल्या दिसतात. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते. तरीही जी भिंत ओली लागते, तिथं खरा दोष आहे. तपासायची पद्धत सोपी आहे. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि एक दिवस ठेवायचा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडून, पाणी धरलं तर ओल भिंतीतूनच येते. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या दमट हवेची.

ओल जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढलेली असेल तर बाहेर पाणी साचतं का, न्हाणीचं पाणी पायाशी मुरतं का, ते बघा. वरून उतरत असेल तर टीन, कवेलू किंवा स्लॅबची गळती शोधा. हे दुरुस्त केल्याशिवाय आतलं कोणतंही काम टिकत नाही.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करायची घाई नको. माती ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट बसलं की ओल आत कोंडते आणि गिलावा भिंत सोडतो. अशा भिंतीला मातीचाच लेप आणि वरून चुना बरा.

मापं वहीत लिहा

टेप घेऊन प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, दारं-खिडक्या वहीत लिहायच्या. समजा खोली १० बाय १२ फूट आहे. जमीन झाली १२० चौरस फूट. २ बाय २ ची एक टाइल ४ चौरस फूट भरते, म्हणजे ३० टाइल लागतील. कापण्यात आणि फुटण्यात जाणाऱ्या धरून ३३ घ्या. भिंती १० फूट उंच असतील तर चारही मिळून ४४० चौरस फूट. त्यातून दार-खिडकी वजा करा. हा आकडा हातात असला की दुकान किनवटचं असो, नांदेडचं की आदिलाबादचं, भाव नीट विचारता येतो.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असतं. एवढ्या घरात मोठं कपाट आणि सोफा घातला की चालायला जागा उरत नाही. जागा वर काढावी लागते. दाराच्या वरून जाणारी फळी, गाद्या-गोधड्यांसाठी माळा, खाली पेटीचा पलंग. बाया जिथं उभ्या राहून स्वयंपाक करणार, त्या ओट्याची उंची त्यांनाच विचारून ठरवा. कोपरापासून चार-पाच बोटं खाली ओटा असला की पाठ भरत नाही.

सागवानाला वेळ लागतो

किनवट म्हटलं की सागवान आलंच. पण आपल्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. अर्ज, पाहणी, पंचनामा यात दिवस जातात, म्हणून अर्ज आत्ताच करावा. विकत घेताना पक्की पावती आणि वाहतूक परवाना मागा. चोरीचं लाकूड स्वस्त पडतं, पण घरात सापडलं तर मालासकट माणूसही अडचणीत येतो.

परवानगी मिळाली तरी ओलं लाकूड लगेच वापरू नये. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की ते आकसतं, दाराला फटी पडतात, कपाट वाकडं होतं. हिवाळ्यात घेतलेल्या फळ्या मधे पट्ट्या ठेवून सावलीत रचल्या तर सुताराला हात लावेपर्यंत बऱ्याच वाळतात.

टीनाखाली तट्ट्या लावायच्या असतील तर बांबू चांगला. २०१७ साली भारतीय वन कायद्यात बदल झाला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. जंगलातल्या बांबूला मात्र नियम आहेत.

सिमेंटचं काम होळीच्या आत

गिलाव्याला आणि ओट्याला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. एप्रिल-मेमध्ये तांड्या-पाड्यांवर प्यायलाच पाणी पुरत नाही, तिथं भिंतीला कोण मारणार? पाणी न मिळालेला गिलावा भुसभुशीत होतो. म्हणून विहिरीला पाणी आहे तोवर हे काम उरकावं.

क्रम असा ठेवा. आधी गळती आणि ओल. मग भिंत फोडून वायरिंग आणि नळाचे पाइप. अर्थिंग आणि झटका लागताच लाईट तोडणारं बटण याच वेळी बसवून घ्या. त्यानंतर गिलावा, ओटा, फरशी. नवा गिलावा साधारण चार आठवडे सुकू द्यायचा. तेवढ्यात सुतारकाम होतं. रंग सगळ्यात शेवटी, एप्रिलअखेर. कोरड्या भिंतीवर तो टिकतो.

पैसे कमी पडतील असं वाटलं तर काम शेवटाकडून कापायचं. रंग आणि कपाट पुढच्या वर्षी करता येतं, गळती आणि वायरिंग नाही. मिस्त्रीला सगळी रक्कम आधी देऊ नका. कोणतं काम झालं की किती द्यायचे, हे वहीत लिहून त्याची सही घ्या. मापांची वही पुढच्या हिवाळ्यालाही कामी येते.