ताऱ्यांचे गणित आणि सौंदर्याची कसोटी : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० रोजी लाहोर येथे एका तमिळ कुटुंबात झाला. वडील सी. सुब्रह्मण्य अय्यर रेल्वेच्या हिशेब खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. नोकरी जमाखर्चाची असली तरी ते व्हायोलिन वाजवत आणि कर्नाटक संगीताच्या शास्त्रावर लिहीत. आई सीतालक्ष्मी यांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नव्हते, तरीही त्यांनी इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ हे नाटक तमिळमध्ये आणले. दहा भावंडांत चंद्रशेखर तिसरे आणि मुलांमध्ये थोरले. नोबेल विजेते सी. व्ही. रामन हे त्यांचे काका. त्यामुळे विज्ञान, संगीत आणि साहित्य ही तिन्ही त्यांना घरातच भेटली.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला निघाले. आई अंथरुणाला खिळलेली होती, पण मुलाने जावे असा तिचाच आग्रह होता. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून बोट सुटली. पुढच्या वर्षी आई गेली. त्यांची पुन्हा भेट झालीच नाही.

याच प्रवासात त्यांच्या सर्वांत गाजलेल्या संशोधनाची सुरुवात झाली. इंधन संपलेला तारा आकुंचन पावून श्वेतबटू होतो आणि त्यातील दाटीवाटीने कोंबलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरून धरतो, हे तेव्हा माहीत होते. चंद्रशेखर यांनी या गणितात सापेक्षता आणली. त्यातून श्वेतबटूच्या वस्तुमानाला मर्यादा असल्याचे दिसले. ती सूर्याच्या सुमारे १.४ पट असून आज ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणून ओळखली जाते. तिच्या पलीकडे आकुंचन थांबवणे त्या दाबाला शक्य नसते. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमधील रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत ख्यातनाम शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली. त्याला सर्वमान्यता मिळायला पुढे बरीच वर्षे लागली.

सप्टेंबर १९३६ मध्ये मद्रासला त्यांचा ललिता दोरैस्वामी यांच्याशी विवाह झाला. त्या प्रेसिडेन्सीतच एक वर्ग मागे होत्या आणि भौतिकशास्त्राच्याच विद्यार्थिनी होत्या. बालविधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सिस्टर सुब्बलक्ष्मी या ललिता यांच्या मावशी. घरच्यांनी स्थळ पाहून लग्न जमवण्याच्या त्या काळात या दोघांनी एकमेकांना स्वतः निवडले होते. लग्नानंतर ते अमेरिकेत गेले आणि १९३७ पासून चंद्रशेखर शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत काम करू लागले. विस्कॉन्सिनमधील विल्यम्स बे या लहानशा गावी त्यांचा संसार पंचवीसहून अधिक वर्षे चालला. १९५३ मध्ये दोघांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. त्यांना मूलबाळ नव्हते.

एक विषय घ्यायचा, त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास करायचा, त्यावर परिपूर्ण ग्रंथ लिहायचा आणि नव्या विषयाकडे वळायचे, अशी त्यांची कार्यपद्धती होती. ताऱ्यांची अंतर्रचना, प्रारणाचे संक्रमण, द्रवगतीचे स्थैर्य आणि अखेर कृष्णविवरे असा हा प्रवास झाला. १९५२ ते १९७१ या काळात त्यांनी ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चे संपादनही केले. १९८३ मध्ये त्यांना विल्यम फाउलर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

कला हा त्यांच्यासाठी फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता. शेक्सपिअर, रशियन कादंबरीकार आणि बेथोव्हेन यांचाही अभ्यास ते संशोधकाच्या शिस्तीने करत. १९७५ मध्ये शिकागोला दिलेल्या व्याख्यानात त्यांनी शेक्सपिअर, न्यूटन आणि बेथोव्हेन यांची सर्जनशीलता शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कलावंताची निर्मिती वयाबरोबर सखोल होत जाते, मग शास्त्रज्ञाची बहुधा तशी का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ‘ट्रुथ अँड ब्युटी’ (१९८७) या संग्रहात त्यांनी सिद्धान्तातील सौंदर्याचा विचार केला. सर्व अंगांचा परस्परांशी आणि समग्राशी जुळणारा मेळ आणि त्यातच असलेले काहीसे अनोखेपण, या दोन कसोट्या त्यांनी आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेला लावल्या.

या विचाराचा एक टप्पा पुण्यात आहे. २८ डिसेंबर १९९२ रोजी ‘आयुका’ या खगोलशास्त्रीय संशोधन संस्थेच्या लोकार्पणप्रसंगी ते फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या चित्रमालिकांवर बोलले. मोने यांनी शेतातील त्याच गंजी वेगवेगळ्या प्रहरी आणि ऋतूंत रंगवल्या. विषय एक, पण प्रत्येक प्रकाशात रूप निराळे. व्यापक सापेक्षतेतही कृष्णविवरे आणि एकमेकांवर आदळणारे गुरुत्वीय तरंग या भिन्न घटनांमागे एकाच घडणीचे गणित आढळते, असे त्यांनी दाखवले.

न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’वरील त्यांचा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला शिकागोत त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये नासाने अवकाशात सोडलेल्या क्ष-किरण वेधशाळेला ‘चंद्रा’ हे नाव देण्यात आले. ललिता यांचे २०१३ मध्ये वयाच्या शंभरीनंतर निधन झाले.