बुबुळावरील ओरखडा

कापूस वेचताना पऱ्हाटीचे टोक, ज्वारी काढताना पात्याची धार बुबुळास लागते. डोळा चुरचुरतो, तो पाण्याने धुतला जातो आणि काम पुढे चालू राहते. भैंसा परिसरातील शेतकरी कुटुंबांस हे नवे नाही. परंतु त्या ओरखड्यातून जंतू अथवा बुरशी आत शिरली, म्हणजे व्रण होतो आणि पुढे फूल पडून दृष्टी जाते.

नेपाळातील भक्तपूर जिल्ह्यात याविषयी जो प्रयोग झाला, त्याचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला. गावोगावच्या नेत्रसेवकांनी ४४२ जणांच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम तीन दिवस घातले. इजेपासून १८ तासांच्या आत ज्यांस ते मिळाले, त्यांपैकी एकासही व्रण झाला नाही. उशिरा आलेल्यांपैकी काहींस मात्र झाला. इतक्या अल्पमोली औषधाचा हा गुण वाचून आम्ही थक्क झालो!

बुरशीचा व्रण एकदा झाला, की मग हे मलम चालत नाही. त्यास नॅटामायसिनचे थेंब लागतात. दक्षिण भारतातील रुग्णांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेच अधिक गुणकारी ठरले. कोनाड्यातील जुन्या बाटलीत स्टिरॉइड असेल, तर लाली ओसरते खरी, पण आत बुरशी फोफावते. झाडपाल्याच्या रसाविषयी तर आम्ही बोलतच नाही.

भैंशाजवळील मुधोळ येथे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ साली आपले पहिले ग्रामीण केंद्र उघडले. दुपारी डोळ्यास लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच तेथे जावे. बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.