विधुराला स्थळ, विधवेला उपदेश?

बायको गेली की विधुराला वर्षभरात स्थळे येतात. विधवेला मात्र 'आता मुलांकडे बघ' असा उपदेश मिळतो. विधुर धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवा गोदूबाईंशी विवाह केला, तर मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षी आपल्या वर्ध्यात विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. सक्तीचे वैधव्य हे जात टिकविण्याचे साधन आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवून दिले. १९३५ साली रमाई गेल्या. १९४८ साली बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. हा माणसाचा अधिकार आहे. मग वस्तीतल्या विधवा बहिणीने जोडीदार निवडला तर कुजबुज कशाला? बांधवांनो, तिच्या मंगल परिणयाला आपण साक्षीदार म्हणून उभे राहू या!